हिशेबाबाहेरचा तोटा

मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला कोसळते आणि त्याची वीज होते. पडत्या पाण्याच्या शक्तीचा बहुतांश भाग विजेत उतरतो. यंत्रविद्येच्या कसोटीवर याहून कार्यक्षम साधन क्वचितच सापडेल. तरीही १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी पेट्याचे मावळे सत्याग्रहास उभे राहिले. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळणार होती आणि मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. कार्यक्षमतेच्या आकड्यात त्या खाचरांना जागाच नव्हती.

अणुवीजकेंद्रात तर खुद्द यंत्राचाच हिशेब तुटीचा आहे. उष्णतेतून किती काम निघेल हे तापमानांतील अंतरावर ठरते, हा निसर्गनियम आहे. आधुनिक कोळसा-केंद्रात वाफ साडेपाचशे अंशांच्या आसपास तापविता येते. प्रचलित अणुभट्ट्यांत ती तीनशेच्या आतच राहते. परिणामी उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो व उरलेला थंड पाण्याच्या स्वाधीन करावा लागतो. तारापूरला १९६९ पासून ही उष्णता अरबी समुद्र पोटात घेतो. जैतापूरचा ९,९०० मेगावॅटचा नियोजित प्रकल्प उभा राहिला, तर सुमारे सतरा-अठरा हजार मेगावॅट उष्णता साखरी नाटे येथील मच्छीमारांच्या समुद्रात अखंड ओतली जाईल.

ही उष्णता उपयोगात आणावी, असे सुचविले जाते. स्वित्झर्लंडमधील बेझ्नाऊ केंद्राच्या उष्णतेने आसपासची घरे ऊबदार राहतात. कोकणाला त्या उबेची गरज नाही. कल्पाक्कमला अणुकेंद्राच्या वाफेवर खारे पाणी गोडे करण्याची योजना झाली. परंतु उपयोगी पडेल इतकी गरम वाफ काढून घेतली की तेवढी वीज घटते. फुकट असे काहीच नाही.

तोटा अटळ असेल, तर तो कोणी सोसायचा हा प्रश्न यंत्रशास्त्राचा राहत नाही. तो अर्थकारणाचा आणि सत्तेचा होतो. समुद्र कोणाच्याही सातबाऱ्यावर नसल्याने त्याचे तापणे विजेच्या दरात धरले जात नाही. ज्यांची उपजीविका त्या पाण्यावर आहे, त्यांनी हरकत घेतली तेव्हा एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला.

म्हणून समाजवादी चळवळीची मागणी नेमकी असावयास हवी: मासेमारीचे संभाव्य नुकसान विजेच्या उत्पादनखर्चात धरले जावे, समुद्राच्या तापमानाची मोजणी मच्छीमारांच्या प्रतिनिधींसमक्ष व्हावी, आणि त्यांच्या संमतीवाचून प्रकल्प पुढे जाऊ नये. या अटी पाळून वीज महाग ठरत असेल, तर ती मुळातच महाग होती. फरक इतकाच की तिची किंमत आजवर दुसरेच कोणी मोजीत होते. मुळशीच्या मावळ्यांना हे शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.