लॅपटॉप गेला म्हणण्याआधी

"लॅपटॉप गेला, आता नवाच घ्यावा लागणार." परीक्षा जवळ आली की आपल्या भालकी, औराद, आळंदकडच्या मुलांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. माझं म्हणणं एवढंच, की आधी मोजा, मग घरी पैसे मागा.

लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते, नुसती ठेवली तरी झिजते. उष्णता आणि कायम 100 टक्के चार्ज, हे तिचे दोन वैरी. कलबुर्गीचा उन्हाळा 40 अंशांच्या पुढे जातो, आणि लाइट जाईल या धास्तीनं आपण चार्जर काढतच नाही. दोन्ही वैरी आपणच घरात घेतलेत!

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' ही कमांड इंग्रजीत टाका. रिपोर्टमध्ये मूळ क्षमता 50,000 आणि आताची 30,000 दिसली, तर 60 टक्के बॅटरी उरली. म्हणजे थकली ती बॅटरी; लॅपटॉप धडधाकट असू शकतो. नुसती बॅटरी बदलणं नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. बऱ्याच लॅपटॉपांत चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. मात्र बॅटरी फुगली असेल तर वापर लगेच थांबवा. तिला टोचू-दाबू नका.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, हे 2022 च्या बॅटरी कचरा नियमांत स्पष्ट आहे. मग कॉलेजात त्यासाठी एक पेटी का नको? एका लॅपटॉपमागे आई-बापाची किती महिन्यांची कमाई असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.