पाहणी झाली, पुरावा कोठे?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या उतारूंसह नदीच्या पोटात गडप झाल्या. मुंबई-गोवा महामार्गावरील ही दुर्घटना गोमंतकीय विसरू शकणार नाहीत. पूल १९२८ सालचा होता. तथापि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती व धोका आढळला नव्हता, असे शासनाकडूनच नंतर सांगण्यात आले. त्या पाहणीत कोणती कमान पाहिली, पायाशी कोण उतरले, हे ‘धोका नाही’ एवढ्या शब्दांवरून कसे कळावे?

स्थळपाहणीचे खरे दुखणे हेच आहे. त्यावर छायाचित्र-नकाशा हा स्वस्त व सुलभ उपाय आज उपलब्ध आहे. साध्या मोबाईलने काढलेल्या छायाचित्रासोबत अक्षांश, रेखांश व वेळ यांची नोंद होऊ शकते. अशी छायाचित्रे क्रमांक देऊन नकाशावर मांडली, कॅमेऱ्याची दिशा बाणाने दाखविली आणि पुढील वर्षी त्याच जागेवरून पुन्हा टिपली, म्हणजे भेग किती वाढली हे कोणालाही ताडून पाहता येते. जे ठिकाण पाहिलेच नाही, तेही नकाशावर कोरे राहून आपोआप उघडे पडते. डोंगरकापणी असो वा खाजन जमिनीतील भराव, ‘हे पूर्वीचेच आहे’ हा ठरावीक बचाव अशा नोंदींपुढे टिकणे कठीण.

अर्थात यंत्र प्रामाणिकपणाची जागा घेऊ शकत नाही. रोजगार हमीच्या कामांवर छायाचित्राचेच छायाचित्र चढविण्याचे प्रकार घडल्याचे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने २०२५ साली स्वतःच नमूद केले. शिवाय उपग्रहावरून मिळणारे स्थान काही मीटरनी चुकू शकते. पुलाखाली तर अधिकच. म्हणून खांबाचा वा कमानीचा क्रमांक हाताने नोंदवावा, मूळ छायाचित्रे कार्यालयात जतन करावीत आणि पाहणी करणाराची स्वाक्षरी नकाशावर असावी.

याहून महत्त्वाचे म्हणजे हा नकाशा कपाटात न ठेवता पंचायतीत नागरिकांना पाहावयास मिळाला पाहिजे. गावच्या साकवाची भेग गावकऱ्यांइतकी कोण ओळखणार? पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीपासून शासनाने हा पायंडा पाडावा. दुर्घटनेनंतरच्या चौकशीपेक्षा तो निश्चितच स्वस्त पडेल.