कासच्या वाटेवर पाऊल जपून

गौरी-गणपती पार पडले, भांगलण उरकली, की हाताला जरा उसंत मिळते. अशा वेळी घरच्या मंडळींना घेऊन कासच्या पठारावर जाऊन या. साताऱ्यापासून हे अंतर सुमारे २५ किलोमीटर. बामणोलीकडे जाणारी एस. टी. पठारावरूनच जाते. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथे फुलांचा हंगाम असतो.

पठारावर पोहोचलात की कुमुदिनी तळ्याची पायवाट धरा. महाबळेश्वराकडे जाणारा हा जुना राजमार्ग. वाटेत झाडोऱ्याच्या सावलीत ओल्या दगडांवर नेचे दिसतील. मुलांना पानाची मागची बाजू दाखवा. नेच्याला ना फूल, ना बी. तिथल्या तपकिरी ठिपक्यांतल्या भुकटीवर त्याचा वंश चालतो. उघड्यावर आलात की पिवळी सोनकी, पांढरे गेंद आणि गुलाबी तेरडा. गौर म्हणून आपण ज्याला घरी आणतो, त्याच तेरड्याचे हे भाऊबंद!

तुम्ही शेतकरी, तेव्हा मनात येणारच, की इथे नांगर नाही, खत नाही, मग हे पिकते कसे? खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर. पावसाने त्यातला कस धुऊन जातो. मोठ्या झाडांचे इथे भागत नाही, म्हणून या चिमुकल्यांना जागा मिळते. नत्राची उणीव भरून काढायला दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंबांवर किडे पकडते. निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांच्या मुळाशी बारीक फुगे असतात; त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात.

यातल्या पुष्कळ वनस्पती एका पावसाच्या. बी धरण्याआधी तुडवल्या, तर पुढच्या वर्षीचे बियाणेच गेले. आपल्या बियाण्याच्या वाफ्यात कोणी फोटोसाठी बसले तर चालेल का आपल्याला? तोच न्याय इथे लावा. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला. त्यात आपले कास, कोयना आणि चांदोलीही आहेत. कासची राखण वनखात्याबरोबर आसपासच्या गावची माणसेच करतात. प्रवेशाचे पैसे देताना कुरकूर नको.

शनिवार-रविवार टाळा, आधी नाव नोंदवा, भाकरी घरून न्या आणि कचरा परत आणा. फूल तोडू नका. मुलांनी दहा फुलांची नावे घरी आणली, तरी फेरी सार्थकी लागली.