भाच्याचा बाण

माझा एक भाचा अमेरिकेत ओहायोला असतो. पूर्वी भाचे पुण्याला असत, फार तर नाशिकला, आणि मामाला विचारत ते "कुठे चिकटवता का?" एवढंच. हा भाचा रविवारी सकाळी फोन करून म्हणाला, "मामा, टर्कीसाठी पातं कुठलं घेऊ?"

मला वाटलं, स्वारी तुर्कस्तानला निघालीय आणि दाढीचं सामान बांधतेय. मी आपलं प्रामाणिकपणे सांगितलं, "तिथेही मिळत असतील रे."

मग उलगडा झाला. टर्की हा पक्षी. आठ-दहा किलोचा नर, आपल्या कोंबड्याचा सरकारी अधिकारी झालेला काका. आणि पातं म्हणजे बाणाचं टोक, त्याला तिकडे ब्रॉडहेड म्हणतात. बाण मारायचा तो क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीच्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. प्रश्न असा की, टोक कायम उघड्या पात्यांचं घ्यावं, की पाती मिटलेली राहून लागताक्षणी छत्रीसारखी उघडणारं?

"पण मला का विचारतोस?"

"तू खाडीवर गळ टाकतोस ना? टोकदार वस्तूंमधलं तुला कळत असणार."

हा अधिकार मी मुकाट्याने स्वीकारला. आपल्याकडे १९७२ साली वन्य जीव संरक्षण कायदा आला, आणि आमच्या घराण्यातली शिकार ढेकणांपुरती उरली. पण मी भाईंदरला राहतो. पश्चिमेच्या जेट्टीवरून २०२४ पासून वसईला गाड्या नेणारी रो-रो बोट सुटते. तिला वाट देऊन, अंग चोरून, जिताड्याची वाट बघत बसणाऱ्यांत मी एक आहे.

तर मिटत्या पात्यांच्या भक्तांशी माझं भांडण आहे, आणि ते मी इथे जाहीरपणे भांडणार आहे. छत्रीचा अनुभव सोडून द्या. (माझी छत्री भाईंदर स्टेशनात गर्दीच्या मधोमध आपण होऊन उघडते आणि बाहेर पावसात मिटून बसते.) हे भक्त म्हणतात, मिटलेलं पातं सरळ जातं, सरावाच्या साध्या टोकासारखंच. खरं आहे. उघडल्यावर दोन-दोन इंच रुंद घाव करतं. तेही खरं. पाती उघडण्यात थोडा जोर खर्च होतो, पण क्रॉसबोत जोर उदंड आणि टर्की म्हणजे काही सांबर नव्हे. मान्य, मान्य, मान्य! पण मग हळूच पुढचं वाक्य येतं: "त्यामुळे नेम जरा इकडेतिकडे झाला तरी चालतं."

कुणाला चालतं? टर्कीला विचारलंत?

तो पक्षी दिसतो पिंपाएवढा, पण त्यात निम्मी पिसं. ज्या जागी बाण लागला तर तो तिथल्या तिथे संपेल, ती जागा फार तर मुठीएवढी. बाकी कुठेही लागला तर पक्षी पळतो, उडतो, कुठल्यातरी झुडपात जाऊन पडतो. रक्ताचा माग काढावा म्हटलं तर पिसंच रक्त टिपून घेतात. शिकारी संध्याकाळी घरी जाऊन म्हणतो, "चुकला." चुकला कसला! लागला, हीच तर पंचाईत.

हा आवेश मला कुठून आला ते सांगायला हवं. एका हौशी मित्राच्या नादाने मी एकदा तीन तोंडांचा विलायती गळ आणला. गळांच्या नंबरांची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे? आकडा मोठा तितका गळ लहान, आणि एकच्या पुढे गेलं की शून्य लावून सगळा हिशेब उलटा. त्या गोंधळात मी जो उचलला, तो जिताड्याने घशापर्यंत गिळला. मी खेचला. तो पाण्याबाहेर अर्धा आला, एकदा माझ्याकडे बघितलंन, आणि तंगूसाची दोरी तुटली. तीन काटे घशात घेऊन तो गेला.

शेजारी उत्तनचे एक म्हातारे कोळी बसले होते. त्यांनी माझी तुटकी दोरी बोटांत धरून पाहिली. म्हणाले, "गळ विलायती, नि दोरी पतंगाची?"

बस्स, एवढंच बोलले. आठवडाभर मला मासा घशाखाली उतरला नाही. हिने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" तेव्हापासून माझा गळ एका तोंडाचा, दोरी जाड आणि बोलणं कमी.

म्हणून भाच्याला सांगितलं, "कायम उघड्या पात्यांचं घे. ते सरावाच्या टोकापेक्षा वेगळं उडतं म्हणतोस ना? मग त्यानेच सराव कर, धार गेली की पाती बदल. मिटतंच घ्यायचं असलं तर तेही घे बाबा, पण नेम असा धर, की जणू ते उघडणारच नाही. आणि पंचवीस पावलांपलीकडे बाण सोडायचा नाही."

"मामा, धनुष्य सत्तर यार्डांपर्यंत मारतं."

"धनुष्य मारतं रे. तुझं काय?"

पलीकडे बराच वेळ शांतता. फोन कटला की काय असं वाटलं.

तिकडचा वसंतातला हंगाम एप्रिलअखेरीस सुरू होतो. मे महिन्यात फोन आला. पहाटे अंधारात जाऊन हा दबा धरून बसला होता. नर आला, पिसारा फुलवून चाळीस पावलांवर उभा राहिला, दहा मिनिटं रुबाब केला, आणि झाडीत निघून गेला.

"मग?"

"मग काय, डबा खाल्ला आणि घरी आलो."

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन. "एवढे डॉलर घालून पोरगं रिकाम्या हाताने परत आलं! तू काय भरवून दिलंस त्याच्या डोक्यात?"

मी म्हटलं, "ताई, जरा नंतर बोलू का? दोरी हलतेय."

हलत काही नव्हती. रो-रो सुटली होती, तिची लाट होती.