समुद्रकिनारी तंबू ठोकताय? आधी तिथी बघा

कोकणातल्या कॅम्पिंगच्या जाहिरातींत ‘सी-टच’ तंबू हमखास दिसतो. माझ्या मते ती सोय नाही, धोका आहे.

का? भरती साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी येते. संध्याकाळी ओहोटी असताना पुळणीवर तंबू ठोकला, तर सहा तासांत, म्हणजे ऐन झोपेत, पाणी चढलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, तेव्हा ते आणखी वर येतं.

कड्याखालच्या खडकांवरून एका पुळणीवरून दुसरीवर चालत जाणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. ओहोटीत मोकळी असलेली वाट भरतीत बुडते. मग पुढे-मागे पाणी, वर कडा आणि मोबाइलला अनेकदा रेंजही नाही.

वेळ कशी ओळखायची? किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. पक्ष कोणताही असो, चतुर्थीला भरती ३च्या सुमारास, अष्टमीला ६च्या. दिवसाही आणि रात्रीही. हा अंदाज झाला. नेमकी वेळ त्या किनाऱ्याच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि स्थानिक मच्छीमारांना विचारा.

बुकिंग झाल्यावर चेक-इनची वेळ कळवणाऱ्यांनी भरतीची वेळही कळवायलाच हवी. तोवर एवढं करा: वाळूवर काटक्या-कचऱ्याची ओळ दिसते, तिथपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं. तंबू तिच्या बराच वर ठोका. लाटांचा आवाज तिथेही येतो.