लुगडे ठरण्याआधी

मस्तानी कोण होणार, या एका प्रश्नावर रसिकांनी बारा वर्षे काढली. संजय लीला भन्साळींनी 'बाजीराव मस्तानी' जाहीर केला २००३ साली आणि तो पडद्यावर आला १८ डिसेंबर २०१५ रोजी. मधल्या काळात सलमान खानचे नाव झाले, ऐश्वर्या रायचे झाले, करीना कपूरचे झाले. 'ब्लॅक' आला, 'सावरिया' पडला, 'गुजारिश' होऊन गेला, 'रामलीला' चालला, तरी मस्तानी काही ठरेना. नवे नाव उठले की चर्चेला ऊत, विरले की सुस्कारे. ज्या कादंबरीवर हा सारा डोलारा उभा राहायचा होता ती ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ पासून आपल्या कपाटांत होती. पण काशीबाईच्या तोंडी कोणती भाषा येणार, शनिवारवाड्यातल्या बायका लुगडे कसे नेसणार, हे त्या बारा वर्षांत कुणी विचारल्याचे आठवत नाही. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये 'पिंगा' आले. पेशव्यांची पत्नी आणि मस्तानी एकाच अंगणात, एकाच ठेक्यावर नाचताना दिसल्या आणि महाराष्ट्र खडबडून जागा झाला. वंशजांनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेले, पुण्यात निदर्शने झाली, कोथरूडला पहिल्या दिवशीचे सकाळचे खेळ रद्द झाले. सिनेमा मात्र होता तसाच राहिला. तयार झालेल्या सिनेमापुढे दुसरे काही होतही नाही.

हा जुना हिशेब आज उकरायचे कारण करकंब. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना लागणारे हे मोठे गाव. ऊस, द्राक्षे, डाळिंब यांच्या भावाखेरीज इथल्या चहाच्या टपरीवर २०२५ पासून आणखी एक विषय चघळला जातो आहे: तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांवरचा हिंदी सिनेमा. दिग्दर्शक 'छावा'वाले लक्ष्मण उतेकर, विठाबाईंच्या भूमिकेत श्रद्धा कपूर, नाव 'ईठा', अशा बातम्या आल्या आणि पोरांचे फोन तापले. विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा, १९३५चा. म्हणजे बाई आपल्या तालुक्याची. साहजिकच अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. 'लुक टेस्ट झाली', 'शेड्यूल लागलं', 'सेट पडलाय', असे शब्द आता ज्वारीच्या पेरणीइतक्या सहज तोंडी येतात. नायक कोण यावर पैजा लागल्या. कारण नायक आला की प्रेमकथा आली, आणि जुन्या काळातली प्रेमकथा म्हटली की मग विचारायलाच नको. नोव्हेंबरात लावणीच्या चित्रीकरणात नायिकेच्या पायाला दुखापत झाल्याची बातमी आली, तेव्हा गावातल्या कुणाचा पाय मोडला असता तरी इतकी विचारपूस झाली नसती.

अशाच एका बैठकीत टोपीवाल्या एका आबांनी फोनवरचे नायिकेचे छायाचित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि विचारले, "पोरगी बरी हाय. पन ढोलकीवर कोन बसलाय?" पोराने फोन खालीवर सरकवला. "त्ये न्हाय दिलं, आबा." "मंग तमाशा कशाचा काडत्यात?" असे म्हणून आबा उठले.

आमच्या मते या सिनेमाबद्दल करकंबात झालेल्या साऱ्या चर्चेत कामाचा म्हणावा असा तेवढा एकच प्रश्न निघाला.

बातम्यांत ढोलकीवाला का नसतो, याचे कारण साधे आहे. सिनेमाची घोषणा होते ती प्रेक्षकांसाठी नव्हेच. गाण्यांचे हक्क, ओटीटीचे हक्क, उपग्रह वाहिन्यांचे हक्क, वितरण यांचे सौदे पुष्कळदा सिनेमा पुरा होण्याआधीच, ताऱ्यांच्या नावावर होतात. जे विकले जाते त्याची बातमी होते. संवादलेखकाच्या नावावर कुणी आगाऊ पैसा लावत नाही, म्हणून त्याचे नाव फुटत नाही. 'चंद्रमुखी'च्या वेळी तर नायिका कोण हेच बराच काळ झाकून ठेवले होते, आणि ती झाकपाक हीच जाहिरात झाली होती. २०२२ मध्ये अमृता खानविलकर पडद्यावर येईपर्यंत विश्वास पाटलांच्या कादंबरीपेक्षा त्या पदराआडच्या चेहऱ्यावरच जास्त बोलले गेले. यात निर्मात्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते धंदा करतात. प्रश्न आपला आहे. आपण फुकटात दवंडी पिटतो, आणि पिटता पिटता आपल्या हाती असलेली एकमेव संधी घालवतो.

कारण ज्या महिन्यांत आपण नायकाच्या नावावर पैजा लावत असतो, त्याच महिन्यांत बाकीचे सगळे ठरत असते. विठाबाईंचेच घ्या. त्यांचा तमाशा ढोलकी फडाचा. म्हणजे गण, गवळण, बतावणी आणि मग रात्रभर चालणारा वग. सोंगाड्या, मावशी, राजा, प्रधान, गडीमाणसे सगळे त्यात. तंबू आणि यात्रा हे त्याचे घर. संगीत बारी वेगळी. तिथे बायकांचा मेळ, पेटी-तबला, कलाकेंद्राची बैठक आणि मुख्य म्हणजे लावणी आणि अदा. सिनेमावाले या दोन्हींची बेमालूम भेळ करतात. फडातली बाई बैठकीतली अदा करू लागते आणि बैठकीतल्या बाईमागे वीस जणी रांगेत नाचतात. अंधेरीच्या कार्यालयात बसून हा फरक कळणे अवघड आहे, हे मान्य. पण करकंबातून? इथून मोडनिंब किती दूर? संगीत बारीच्या कलावंतांचे ते गाव. पलीकडे अकलूज, जिथल्या लावणी स्पर्धेने कित्येक पार्ट्यांना महाराष्ट्रभर नाव दिले. आणि पंढरीच्या वाऱ्यांना, आसपासच्या जत्रांना तंबूत बसून वग पाहिलेली माणसे अजून कट्ट्यावर बसलेली आहेत. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे सुपारी द्यायला जातात, हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस या तालुक्यात गाठायला फार शोधावे लागणार नाही. जाणकार इथे बसले आहेत आणि तज्ज्ञ म्हणून सल्ला द्यायला भलतेच कुणी जातात.

लुगड्याचे तर विचारूच नका. अलीकडे पडद्यावरची प्रत्येक लावणीवाली शिवलेली नऊवारी चढवते; परकरासारखी घातली, मागे चेन ओढली, झाले. नेसलेल्या लुगड्याचा काष्टा नाचताना कसा ताठतो, ओचा कुठे खोचतात, बसल्यावर निऱ्या कशा पडतात, हे शिवणात येत नाही. आमच्या सोलापूर भागात इरकली लुगडे घराघरांत होते. त्याचा लाल पदर, त्याचे काठ कुणाही म्हातारीला डोळे मिटून सांगता येतील. १९५० सालच्या पंढरपुरातली बाई काय नेसेल हे शोधायला पोशाखकाराला संग्रहालयात जायची गरज नाही. पण त्याला कुणी विचारायला तर हवे! पोशाखाची बातमी येते ती फक्त किमतीची: इतक्या लाखांचा शालू, इतक्या किलोंचे दागिने.

आणि बोली. 'ईठा' हे नाव तरी आपल्या भागातल्या जिभेवरचे आहे, तेवढे समाधान. पुढे हिंदीत ही बाई कशी बोलणार? बोलीचे सिनेमात काय होते याचा धडा याच जिल्ह्याने दिला आहे. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी २०१६ मध्ये 'सैराट' केला, करमाळ्याकडची भाषा होती तशी ठेवली आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूच्या तोंडून ती साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. दोन वर्षांनी तीच गोष्ट 'धडक' होऊन उदयपूरला गेली. गोष्ट तीच, काही गाणीही तीच. दम तेवढा मागे राहिला.

उलटे उदाहरणही घरचेच. सोलापूरचे शाहीर राम जोशी आणि बया यांची कथा राजकमलने 'लोकशाहीर राम जोशी' म्हणून १९४७ मध्ये आणली. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर ही जोडी गाजली खरी, पण तो सिनेमा टिकला तो तिशीसुद्धा न गाठलेल्या ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीवर. माडगूळकर माणदेशचे, सांगोला ओलांडले की त्यांचा मुलूख. शाहिराच्या मूळ रचनांशेजारी आपली गाणी ठेवायची आणि जोड दिसू द्यायचा नाही, हे काम ऐकीव मराठीवर होत नसते. पुढची पंचवीस वर्षे मराठीत तमाशापटांची रांग लागली तिचे मूळ तिथे आहे. 'मुघल-ए-आझम'चेही तसेच. के. आसिफ यांनी तो चाळीसच्या दशकात आरंभला, त्यातले चंद्रमोहन १९४९ मध्ये गेले, फाळणीत निर्माता पाकिस्तानात गेला, नट बदलले, आणि ५ ऑगस्ट १९६० रोजी तो मुंबईच्या मराठा मंदिरात लागला. इतक्या वर्षांत नावांच्या किती अफवा उठल्या असतील! पण आसिफ यांनी संवादांना चार लेखक बसवले होते, आणि अकबराच्या दरबारातले मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांकडून करवून घेतले होते. लोकांनी पाठ केले ते संवाद.

आता यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चाहत्यांनी सिनेमा होण्याआधीच नाक खुपसायचे ठरवले तर त्याचा शेवट कुठे होतो, हे मसाई पठाराने पाहिले आहे. मार्च २०१७ मध्ये पन्हाळ्याजवळ 'पद्मावती'चा सेट रात्री पेटवला गेला, पोशाख जळाले. कशासाठी? खिलजी आणि राणी यांचे स्वप्नदृश्य असल्याच्या कंडीसाठी. असे दृश्य नाही, हे दिग्दर्शक आधीपासून सांगत होता. तेव्हा आम्ही सुचवतो आहोत ते प्रश्न विचारणे आहे, परवानगी देणे नव्हे. कलावंताने कुणाची प्रेमकथा कशी सांगावी हा त्याचा अधिकार. विठाबाईंचे प्रेम, व्यसने, मोह, फसगत हे सारे त्याने बिनधास्त मांडावे. गाव त्यात आडवे येऊ लागले तर आम्ही गावाच्या विरुद्ध लिहू. पण कंडी पिकते तीही याचमुळे की नटनट्यांपलीकडची एकही खरी माहिती बाहेर येत नाही. पटकथेबद्दल अवाक्षर नाही म्हटल्यावर कुणीही काहीही भरतो.

'छावा'च्या वेळी जानेवारी २०२५ मध्ये काय झाले? ट्रेलर आला, संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले, गदारोळ झाला, आणि उतेकरांनी राज ठाकरे यांची भेट घेऊन ते दृश्य काढून टाकले. सिनेमा १४ फेब्रुवारीला लागला. महाराजांनी लेझीम खेळावी की नाही, हा वाद करण्याजोगा होता; शिवाजी सावंतांची कादंबरी आणि इतिहासाची साधने समोर ठेवून दोन्ही बाजूंनी चार शहाण्या गोष्टी बोलता आल्या असत्या. पण प्रदर्शन तोंडावर आले असताना चर्चा होत नाही. तिथे एकतर कात्री चालते नाहीतर दगड. येसूबाई कोण, हे मात्र तोवर कधीचेच सर्वांना पाठ झाले होते.

विठाबाई २००२ साली गेल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव होऊनही त्यांचे शेवटचे दिवस ओढाताणीचे गेले. फडावर नाचता नाचता बाळंतकळा आल्या, नाळ दगडाने ठेचली आणि बाई पुन्हा बोर्डावर उभी राहिली, हा त्यांचा सांगितला जाणारा प्रसंग पडद्यावर येणार, यावर पोरांची पैज नको, तो येणारच. त्या रात्री वग कोणता लागला होता आणि ढोलकी कोण वाजवत होता, एवढे तरी पडद्यावर धड यावे ही अपेक्षा फार नाही. राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. तो मिळालेल्यांपैकी एकाचे नाव टपरीवर विचारून पाहावे.

पुढची घोषणा व्हायला फार दिवस लागणार नाहीत. पेशवे, शाहीर, कलावंतिणी यांच्या प्रेमकथांना सध्या बाजारात भाव आहे. करकंबच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी संवादलेखकाचे नाव मागावे, दुसऱ्या दिवशी ढोलकीवाल्याचे, तिसऱ्या दिवशी लुगडे नेसवणारीचे. नाव मिळेपर्यंत नायिकेच्या अभिनंदनाचे फलक छपाईला देऊ नयेत.