मुद्दा काढण्याची विद्या

दायविभागाचे तंटे आपल्या घरांस नवे नाहींत. मिताक्षरा व व्यवहारमयूख हे ग्रंथ ज्या प्रांतांत प्रमाण मानले गेले, तेथें ‘माझा वांटा किती?’ हा प्रश्न प्रत्येक पिढींत कोणी तरी विचारितोच. नवें आहे तें इतकेंच कीं, त्याचें उत्तर आतां केवळ वकिलाच्या कपाटांत राहिलेलें नाहीं. ‘इंडियन कानून’ हें संकेतस्थळ २००८ पासून न्यायालयांचे निवाडे विनामूल्य दाखवितें; सर्वोच्च न्यायालयानेंहि २०२३ मध्यें आपले अधिकृत निवाडे ‘ई-एससीआर’ या नांवानें सर्वांस खुले केले.

परंतु भांडार उघडें असणें निराळें आणि त्यांतून हवी ती वस्तु हातीं लागणें निराळें. ‘मुलीचा हक्क’ एवढेंच इंग्रजींत लिहून शोध केला तर पोटगीपासून दत्तकापर्यंत निवाड्यांचा ढीग पुढें येतो व वाचणारा थकतो. शोधावयाचा तो शब्द नव्हे, मुद्दा. दिवाणी न्यायालयांत पुराव्यापूर्वीं मुद्दे काढितात. एका पक्षानें प्रतिपादावें व दुसऱ्यानें नाकारावें, तेथें मुद्दा उत्पन्न होतो, असें १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा चौदावा आदेश सांगतो. मीमांसकांनीं यासच संशय म्हटलें. विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त ही अधिकरणाची मांडणी ज्यांनीं पाठ केली आहे, त्यांस हें यंत्र परकें वाटूं नये. इंडियन कानूनवर तर निवाड्याच्या परिच्छेदांस तथ्यें, मुद्दे, युक्तिवाद, निर्णय अशा खुणाहि केलेल्या आढळतात. जैमिनीस संतोष झाला असता!

उदाहरण घेऊं. पिता २००१ सालीं वारला. मिळकत वडिलोपार्जित व अविभक्त. बहिणीचें लग्न १९९० सालचें. भाऊ तिच्यापुढें हक्कसोडपत्र ठेवून म्हणतो, “ताई, कायद्यानें तुझा हक्क नाहींच, सही केवळ रीत म्हणून.” (हक्कच नाहीं तर सोडावयाचें काय, हें ताईनें विचारावें.) वस्तुतः पित्याच्या स्वतःच्या हिश्श्यांत १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमानेंच कन्या वारस आहे. प्रश्न भावाच्या बरोबरीचा. महाराष्ट्रानें १९९४ सालीं कन्येस सहदायाद केलें, पण त्यापूर्वीं विवाह झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तींत हा भेद नाहीं. तेव्हां मुद्दा असा निघतो: ९ सप्टेंबर २००५ रोजीं, म्हणजे ही दुरुस्ती अंमलांत आली त्या दिवशीं, पिता हयात नसेल तर कन्या सहदायाद होते कीं नाहीं? यांतील कलम सहा, ती तारीख, ‘कोपार्सनर’ व ‘फादर’ हे शब्द घालून शोध केला कीं क्षेत्र एकदम आकुंचित होतें.

आतां खरा धोका. ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ हा २०१५ चा निवाडा समोर येतो. तो म्हणतो, त्या दिवशीं पिता व कन्या दोघेंहि हयात हवींत. उतावळा वाचक येथेंच थांबतो व बहीण सही करिते. पुढें ‘दानम्मा विरुद्ध अमर’ या २०१८ च्या निवाड्यांत २००१ मध्येंच वारलेल्या पित्याच्या कन्यांस वांटा मिळालेला दिसतो. दोन्ही पीठें दोन न्यायाधीशांचीं. म्हणून निवाड्याचा नंतर कोठें कोठें उल्लेख झाला ती यादी उघडलीच पाहिजे. तीं पानें चाळतांना ११ ऑगस्ट २०२० चा, तीन न्यायाधीशांचा ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ सांपडतो: हक्क जन्मतः आहे, पिता त्या दिवशीं हयात असण्याची आवश्यकता नाहीं. फुलवतीचा निर्णय त्यानें रद्द ठरविला, दानम्माचा अंशतः.

भाऊ कदाचित् म्हणेल कीं वांटणी १९९८ सालींच तोंडी झाली होती. तेव्हां मुद्दा बदलला. २० डिसेंबर २००४ पूर्वींची वांटणी अधिनियमानें अबाधित ठेविली आहे; परंतु तोंडी वांटणी, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असल्याशिवाय, सामान्यतः मानावयाची नाहीं, असें विनीता शर्मा निवाड्यांतच आहे. म्हणजे आतां शोध तोंडी वांटणीचा, आणि तो पुरा होऊन वकिलास दाखविला जाईपर्यंत हक्कसोडपत्र पेटींत राहूं द्यावें.